वृद्धांचा लिंफोमा, केमोथेरपी आणि मूत्रपिंडाची जपणूक

मानेत, काखेत किंवा जांघेत उठलेली गाठ आपल्याकडे फार दिवस अंगावर काढली जाते. ती दुखत नाही, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष होते. बिदर जिल्ह्यातील औराद, भालकी, बसवकल्याण व हुमनाबाद आणि कलबुर्गी जिल्ह्यातील आळंद या सीमावर्ती तालुक्यांत मराठी, कन्नड, उर्दू व तेलुगू बोलणारी कुटुंबे शेजारी नांदतात. पण वयोवृद्ध माणसाच्या गाठीविषयीची बेफिकिरी मात्र सर्व भाषांत सारखीच आढळते. लेप लावून पाहिला जातो, कधी क्षयाची गाठ समजून औषधे सुरू होतात, आणि मग कुणीतरी मोठ्या रुग्णालयात गाठीचा तुकडा तपासून घेण्याचा सल्ला देतो. तपासणीअंती निदान येते : लिंफोमा, म्हणजे लसीका ग्रंथींचा कर्करोग.

हे नाव ऐकताच घरातील मंडळी हताश होतात. ‘या वयात आता कशाला उपचार?’ असा सूर निघतो. ही समजूत बरोबर नाही. लिंफोमाचे अनेक प्रकार औषधांना चांगला प्रतिसाद देतात आणि त्यांपैकी काही वृद्धापकाळीही पूर्ण बरे होऊ शकतात. परंतु ही औषधे शरीराबाहेर पडताना वृद्धांच्या मूत्रपिंडांवर ताण पडतो, आणि पुष्कळदा रोग हटत असतानाच मूत्रपिंडाने असहकार पुकारल्यामुळे उपचार अर्ध्यावर थांबवावे लागतात. या हानीचा बराचसा भाग टाळता येण्याजोगा आहे. तो टाळण्याचे अर्धे काम रुग्णालयात होते आणि अर्धे घरी. घरच्या अर्ध्या कामाची माहिती ग्रामस्थ, शिक्षक व कर्मचारी बंधुभगिनींना व्हावी, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

उपचाराचे स्वरूप

लिंफोमाच्या एका सर्वाधिक आढळणाऱ्या व वेगाने वाढणाऱ्या प्रकारात ‘आर-चॉप’ या नावाने ओळखली जाणारी पाच औषधांची योजना देतात. तिच्यात रिटुक्सिमॅब, सायक्लोफॉस्फमाइड, डॉक्सोरुबिसिन, व्हिंक्रिस्टिन आणि प्रेडनिसोलोन यांचा समावेश असतो. साधारणतः तीन आठवड्यांच्या अंतराने ही औषधे दिली जातात. यांतील व्हिंक्रिस्टिन हे आपल्या अंगणातील सदाफुलीच्या झाडापासून मिळविलेले आहे. मात्र म्हणून कुणी सदाफुलीची पाने चावून खाऊ नयेत. झाडातील विषारी द्रव्य शुद्ध करून, मिलिग्रॅमच्या मापाने शिरेतून दिले जाते तेव्हाच ते औषध ठरते.

फ्रान्स व त्याच्या शेजारील देशांत ६० ते ८० वर्षे वयाच्या ३९९ रुग्णांवर झालेल्या अभ्यासाचे निष्कर्ष २००२ साली प्रसिद्ध झाले. जुन्या चार औषधांनी शंभरातील ६३ रुग्णांचा रोग पूर्णपणे दिसेनासा झाला होता. रिटुक्सिमॅबची जोड दिल्यावर हे प्रमाण ७६ वर गेले. ऐंशीच्या पुढील रुग्णांसाठी याच औषधांच्या कमी मात्रांची योजनाही २०११ पासून प्रचारात आहे. तात्पर्य, केवळ वय हे उपचार नाकारण्याचे कारण होऊ शकत नाही. तथापि, वयाचा विचार करूनच मात्रा ठरवावी लागते, आणि त्या विचारात मूत्रपिंडाचे स्थान फार वरचे आहे.

मूत्रपिंडाचे काम आणि त्याला होणारी इजा

आपल्या दोन मूत्रपिंडांत प्रत्येकी सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. त्यांतून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव गाळला जातो आणि त्यातील बहुतेक सर्व परत शोषून घेऊन केवळ दीड-दोन लिटर मूत्र बाहेर टाकले जाते. बिदरजवळ नौबाद येथील बहामनी काळातील करेज, म्हणजे भूमिगत जलमार्ग, पुष्कळांनी पाहिला असेल. वाहते पाणी असेल तोवर असा मार्ग मोकळा राहतो. प्रवाह आटला आणि वरून गाळ येत राहिला की तो बुजतो. मूत्रपिंडातील नलिकांचीही स्थिती अशीच आहे.

केमोथेरपीच्या काळात या नलिकांना चार वाटांनी इजा पोहोचते.

पहिली वाट उपचाराच्या यशातूनच निघते. गाठी मोठ्या असतील आणि औषध जोरात लागू पडले, तर कर्करोगाच्या असंख्य पेशी एकाच वेळी फुटतात. त्यांच्यातील पोटॅशियम, फॉस्फरस व यूरिक आम्लाचा लोंढा रक्तात येतो आणि नलिका बुजू लागतात. पोटॅशियम वाढल्याने हृदयाची लयही बिघडू शकते. पहिल्या मात्रेनंतरचे तीन दिवस या दृष्टीने सर्वांत जोखमीचे असतात. धोका आठवडाभर राहू शकतो. यावर प्रतिबंध म्हणून आधीपासून ॲलोप्युरिनॉलच्या गोळ्या देतात, शिरेतून सलाईन देतात आणि जोखीम मोठी असल्यास रासबुरिकेज हे इंजेक्शन वापरतात. पहिले काही दिवस नुसते प्रेडनिसोलोन देऊन मग मुख्य औषधे सुरू करण्याची पद्धतही वृद्धांसाठी उपयुक्त ठरली आहे.

दुसरी वाट काही औषधांच्या प्रत्यक्ष विषारीपणाची आहे. आर-चॉपमधील औषधे या दृष्टीने तुलनेने सौम्य होत. परंतु रोग उलटल्यास सिस्प्लॅटिन किंवा इफॉस्फमाइड द्यावे लागते आणि मेंदूत रोग पोहोचण्याचा संभव असल्यास मेथोट्रेक्सेट मोठ्या मात्रेत देतात. ही तिन्ही औषधे मूत्रपिंडास जाचक आहेत. सिस्प्लॅटिनचा इतिहास या बाबतीत बोधप्रद आहे. १९६५ साली त्याचा पेशींवरील परिणाम लक्षात आला, पण पहिल्या प्रयोगांत रुग्णांची मूत्रपिंडे एवढी बिघडली की ते औषध बाजूला पडण्याच्या बेतात होते. औषधाच्या आधी व नंतर शिरेतून भरपूर सलाईन दिल्यास हानी पुष्कळ घटते, असे पुढे आढळून आले आणि १९७८ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली.

तिसरी वाट कोरडेपणाची. उलट्या, जुलाब, तोंड आल्यामुळे न जाणारे अन्नपाणी यांनी शरीर सुकते आणि मूत्रपिंडाला रक्त कमी पडते. केमोथेरपीने पांढऱ्या पेशी घटतात, त्यामुळे जंतुसंसर्ग लवकर पसरतो. तापाने रक्तदाब खाली आला तरी परिणाम तोच होतो.

चौथी वाट अडथळ्याची. पोटातील गाठींनी मूत्रवाहिन्या दाबल्या गेल्या, किंवा वृद्ध पुरुषांत प्रोस्टेट वाढलेली असली, तर लघवी पुढे सरकत नाही व तिचा दाब मूत्रपिंडावर येतो. सोनोग्राफीने हे कळू शकते.

रक्ततपासणीतील फसवा आकडा

मूत्रपिंडाची परीक्षा करण्यासाठी रक्तातील क्रिएटिनिन मोजतात. अहवालावर ‘१.१’ असा आकडा येतो, शेजारी छापलेल्या मर्यादेत तो बसतो आणि सर्वांना हायसे वाटते. येथे एक गफलत संभवते. क्रिएटिनिन हे स्नायूंपासून तयार होते. वृद्ध, कृश माणसाचे स्नायू झिजलेले असल्याने ते मुळातच कमी तयार होते. परिणामी मूत्रपिंडे निम्म्याने थकली असली तरी आकडा साळसूद दिसतो. चाळिशीनंतर गाळण्याची क्षमता दरवर्षी थोडी थोडी कमी होत जाते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे.

यासाठी कॉकक्रॉफ्ट व गॉल्ट या संशोधकांनी १९७६ साली एक सोपे सूत्र दिले. १४० मधून वय वजा करावे. बाकीला वजनाच्या किलोग्रॅमने गुणावे. आलेल्या संख्येस ‘७२ गुणिले क्रिएटिनिन’ या गुणाकाराने भागावे. रुग्ण स्त्री असल्यास उत्तरास ०.८५ ने गुणावे. मिळणारा आकडा म्हणजे दर मिनिटास किती मिलिलिटर रक्तद्रव गाळला जातो, याचा अंदाज होय.

उदाहरण पाहू. २८ वर्षांच्या, ६५ किलो वजनाच्या शिक्षकाचे क्रिएटिनिन १.१ आहे. त्यांची क्षमता सुमारे ९२ येते. ७४ वर्षांच्या, ४८ किलो वजनाच्या आजोबांचेही क्रिएटिनिन १.१ च आहे. त्यांची क्षमता मात्र ४० भरते. त्याच वयाच्या व वजनाच्या आजीबाईंची ३४. प्रयोगशाळेच्या कागदावर तिघांचा आकडा एक, पण मूत्रपिंडाचे बळ कितीतरी वेगळे! क्षमता ५० ते ६० च्या खाली असल्यास सिस्प्लॅटिन देताना डॉक्टर सहसा दहा वेळा विचार करतात. मात्रा घटवितात किंवा कार्बोप्लॅटिनसारखे दुसरे औषध निवडतात. कर्करोगतज्ज्ञ हा हिशोब करतातच. पण वजन ताजे नोंदलेले असावे, वय अंदाजे सांगितलेले नसावे, एवढी दक्षता घरच्यांनी घ्यावयाची आहे. आपल्याकडे ‘साठ-पासष्ट असेल’ असे सांगून मोकळे होण्याची रीत आहे. दहा वर्षांच्या चुकीने वरील उत्तर किती बदलते, हे माध्यमिक शाळेतील विद्यार्थीही करून दाखवील.

पाणी : किती आणि कोणते?

वय वाढते तशी तहानेची जाणीव मंदावते. त्यात कलबुर्गी-बिदरचा उन्हाळा! एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांपुढे जातो आणि घाम गळून शरीर कोरडे पडते. याखेरीज एक कारण असे आहे की, ज्याचा उच्चार घरात सहसा होत नाही. शौचालय दूर असेल, रात्री उठून बाहेर जावे लागत असेल किंवा बसचा लांबचा प्रवास असेल, तर वृद्ध स्त्रिया जाणूनबुजून पाणी पीत नाहीत. सुनेला त्रास नको, वाटेत अडचण नको, म्हणून त्या तहान मारतात. केमोथेरपीच्या दिवसांत हा संकोच जिवावर बेतू शकतो. खाटेजवळ भांडे ठेवणे, रात्री सोबत देणे आणि प्रवासात मध्ये थांबण्याची सोय पाहणे हा औषधोपचाराचाच भाग मानावा.

पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडून आकड्यात लिहून घ्यावे. पुष्कळ रुग्णांस दिवसाला दोन ते तीन लिटर द्रव सांगितले जाते. पण हृदय दुर्बल असल्यास एवढे पाणी फुप्फुसात साचून दम लागू शकतो. डॉक्सोरुबिसिन हृदयावरही परिणाम करते. म्हणून ‘जितके अधिक तितके उत्तम’ हा नियम येथे लागू नाही. एक लिटरची बाटली सकाळी भरून ठेवावी आणि सांगितल्याप्रमाणे दिवसभरात किती वेळा रिकामी झाली, ते वहीत लिहावे. शाळेत जाणाऱ्या नातवंडाकडे हे काम सोपविल्यास ते आनंदाने करील.

उकळून गार केलेले पाणी, पातळ वरण, ज्वारीची ताजी आंबील ही या दिवसांतील चांगली पेये होत. शहाळ्याविषयी मात्र सावधगिरी हवी. आजाऱ्याला भेटावयास येणारा प्रत्येक पाहुणा प्रेमाने शहाळे घेऊन येतो. शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असते. पहिल्या मात्रेनंतरच्या आठवड्यात किंवा लघवी कमी होत असताना ते, तसेच फळांचे रस, डॉक्टरांना विचारल्याविना देऊ नयेत. जुलाबांसाठी मिळणाऱ्या क्षार-साखरेच्या पुडीतही पोटॅशियम असल्याने लघवी घटलेली असताना तीही विचारूनच द्यावी.

एकादशीचा उपवास असो वा रमजानचा रोजा, उपचारांच्या काळात निर्जळ राहण्याचा आग्रह वृद्ध रुग्णांनी धरू नये. आजाऱ्याला सर्वच धर्मांनी सवलत दिलेली आहे.

वेदनाशामक गोळी आणि गावठी उपचार

कंबर दुखते, गुडघे धरतात, म्हणून किराणा दुकानातूनही गोळी आणून घेण्याची सवय सर्वत्र आहे. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन, ॲसिक्लोफेनॅक ही औषधे मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा आवळतात. शरीर कोरडे असताना, त्यातही मेथोट्रेक्सेट किंवा सिस्प्लॅटिन चालू असताना, ती घातक ठरू शकतात. वेदनेसाठी पॅरासिटामॉलसारखी दुसरी औषधे आहेत. परंतु ताप आलेला असताना ती घेऊन ताप झाकू नये, आधी डॉक्टरांना कळवावे. जेंटामायसिन व ॲमिकासिन ही इंजेक्शनेही मूत्रपिंडास जड आहेत. गावातील दवाखान्यात सुई घेण्यापूर्वी ‘रुग्णाची केमोथेरपी चालू आहे’ हे वाक्य सर्वप्रथम उच्चारावे. रक्तदाबाच्या काही गोळ्या उलट्या-जुलाब चालू असताना तात्पुरत्या थांबवाव्या लागतात. तो निर्णय मात्र स्वतः घेऊ नये. अज्ञात भस्मे, पुड्या व काढे या काळात पूर्णतः वर्ज्य समजावेत. सी. टी. स्कॅनसाठी शिरेतून द्यावयाच्या द्रव्यापूर्वीही मूत्रपिंडाचा अहवाल दाखवावा.

दोन राज्ये, एक फाईल

सीमाभागातील रुग्णाची एक खास अडचण आहे. निदान सोलापुरास, औषधे बार्शीच्या नर्गिस दत्त स्मारक कर्करोग रुग्णालयात किंवा कलबुर्गीच्या किडवाई संस्थेच्या केंद्रात, सल्ला हैदराबादच्या एम. एन. जे. कर्करोग संस्थेत अथवा मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयात, आणि ताप आला की पुन्हा तालुक्याच्या गावी, अशी त्याची फिरती चालते. एका ठिकाणचा कागद कन्नडमध्ये, दुसऱ्या ठिकाणचा इंग्रजीत. जुने अहवाल कुठल्याशा पिशवीत. मूत्रपिंडाच्या बाबतीत मागचा आकडा हाती नसणे फार नडते. क्रिएटिनिन १.२ दिसले तर ते मर्यादेत वाटते. पण दोन दिवसांपूर्वी ते ०.८ होते हे कळल्यास डॉक्टर तत्काळ सावध होतात. ४८ तासांत ०.३ ची वाढ ही मूत्रपिंडाच्या तीव्र इजेची खूण मानली जाते.

यास्तव प्रत्येक रुग्णाची एकच फाईल असावी. तिच्या पहिल्या पानावर रोगाचा प्रकार, औषधांची नावे व तारखा, प्रत्येक वेळचे वजन, क्रिएटिनिन व पोटॅशियम हे रकाने आखावेत. गावातील शिक्षक, ग्रंथपाल किंवा आशा कार्यकर्ती हा तक्ता अर्ध्या तासात करून देऊ शकेल. याच फाईलमध्ये शिधापत्रिका व ओळखपत्राच्या प्रतीही ठेवाव्यात. शासकीय आरोग्य योजनेचा लाभ आपल्या राज्याबाहेरील त्या विशिष्ट रुग्णालयात मिळतो किंवा कसे, याची चौकशी उपचार सुरू होण्यापूर्वीच करावी. पैशांअभावी मध्येच रुग्णालय बदलणे रुग्णास महागात पडते.

धोक्याच्या खुणा

पुढीलपैकी एकही खूण दिसल्यास दुसऱ्या दिवसाची वाट न पाहता रुग्णालयाशी संपर्क साधावा :

१. दिवसभरातील लघवी अर्ध्या लिटरपेक्षा कमी होणे, किंवा सहा-आठ तास मुळीच न होणे.

२. पायांवर, चेहऱ्यावर सूज, दोन दिवसांत वजन दोन किलोने वाढणे, दम लागणे.

३. पाणीही पोटात न ठरणाऱ्या उलट्या, अथवा सतत जुलाब.

४. १००.४ अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, हुडहुडी.

५. छातीत धडधड, स्नायूंत पेटके, अतिशय अशक्तपणा, गुंगी किंवा असंबद्ध बोलणे.

६. लघवीतून रक्त जाणे. डॉक्सोरुबिसिननंतर एक-दोन दिवस लघवी लालसर होते, तो औषधाचा रंग असतो व त्याने घाबरू नये. मात्र लाली त्यानंतरही टिकली, जळजळ झाली किंवा गाठी पडल्या, तर ते सायक्लोफॉस्फमाइड अथवा इफॉस्फमाइडमुळे मूत्राशयास झालेल्या इजेचे लक्षण असू शकते.

वृद्धांमधील गुंगीला ‘वयाचा दोष’ म्हणून सोडून देण्याची चूक वारंवार होते. ती करू नये.

इजा झालीच तर

मूत्रपिंडाचा अहवाल बिघडला म्हणजे सर्व संपले, असे समजण्याचे कारण नाही. वेळीच ध्यानात आलेली इजा पुष्कळदा भरून निघते. डॉक्टर सलाईन देतात, जाचक औषध थांबवितात, अडथळा असल्यास नळी घालून लघवीला वाट करून देतात, मात्रा कमी करतात किंवा दोन मात्रांमधील अंतर वाढवितात. मेथोट्रेक्सेटसाठी ल्युकोव्होरिन हा उतारा आहे. काही वेळा डायलिसिस करावे लागते. डायलिसिस म्हणजे कायमचे यंत्रावर राहणे, ही भीती खोलवर रुजलेली आहे. परंतु अशा आकस्मिक प्रसंगी ते थोड्या दिवसांपुरतेही असू शकते. जिल्हा रुग्णालयांत ही सोय पुरविण्यासाठी २०१६ साली प्रधानमंत्री राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम सुरू झाला. भीतीपोटी ते नाकारल्यास सुटणारा रोगी हातचा जातो.

कधी कधी मूत्रपिंडे व एकंदर प्रकृती लक्षात घेता सौम्य उपचारच इष्ट ठरतात. त्या वेळी डॉक्टर, कुटुंबीय आणि स्वतः रुग्ण यांनी एकत्र बसून निर्णय घ्यावा. रोगाचे नाव वृद्धांपासून लपविण्याची आपली पद्धत मायेपोटी आली असली, तरी आपणास पाणी का पाजले जात आहे आणि लघवी का मोजली जात आहे, हे ज्याला ठाऊक नाही तो सहकार्य तरी कसे करणार?

कर्करोगाच्या औषधांचे शास्त्र मोठे आहे आणि ते तज्ज्ञांच्या हाती आहे. मूत्रपिंड राखण्याचे साहित्य मात्र साधे आहे : पाण्याची एक बाटली, खुणा केलेले एक मापाचे भांडे, एक वजनकाटा, एक वही आणि एक फाईल. ग्रामपंचायतीने एक वजनकाटा आरोग्य उपकेंद्रात सर्वांच्या वापरास ठेवावा, शिक्षकांनी फाईल लावून द्यावी, शेजाऱ्यांनी शहाळ्याऐवजी रुग्णालयाच्या खेपेला सोबत द्यावी. एवढे झाले तरी आपल्या गावातील एखाद्या आजोबांचा वा आजीबाईंचा उपचार अर्ध्यावर न थांबता शेवटास जाईल.